मितस्वर पार्श्वसंगीत आणि बालदृष्टी : 'टु किल अ मॉकिंगबर्ड'च्या संगीताचा विचार

१

चित्रपटाच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष पार्श्वसंगीताकडे सहसा सर्वांत शेवटी जाते. कथा, अभिनय, छायाचित्रण आणि संकलन या अंगांची चर्चा झाली, म्हणजे 'संगीत प्रसंगास अनुरूप आहे' असा एका वाक्याचा अभिप्राय नोंदवून विषय आटोपता घेण्याची आपली रीत आहे. तिला कारणही आहे. पार्श्वसंगीताने प्रेक्षकाच्या मनावर परिणाम तर करावा, परंतु तो परिणाम संगीताने केला याची जाणीव त्याला होऊ नये, अशीच अपेक्षा या कलेकडून दीर्घकाळ बाळगली गेली. जी कला स्वतःला लपविण्यात धन्यता मानते, तिच्याकडे समीक्षकाचे दुर्लक्ष झाल्यास त्याला एकट्याला दोष देता येणार नाही.

तथापि काही रचना अशा असतात की, त्यांतील संगीत अत्यंत थोडे असूनही चित्रपट आठवताच प्रथम तेच आठवते. अमेरिकन संगीतकार एल्मर बर्नस्टाइन यांनी 'टु किल अ मॉकिंगबर्ड' या १९६२ सालच्या चित्रपटासाठी केलेले संगीत या वर्गात मोडते. या चित्रपटाचा आरंभ एका लहान मुलीच्या गुणगुणण्याने आणि पियानोच्या एकेकट्या स्वरांनी होतो. वाद्यवृंद नंतर येतो आणि तोही बिचकत बिचकत. हॉलिवूडच्या कोणत्याही मोठ्या स्टुडिओला भरगच्च वाद्यवृंद सहज उपलब्ध होऊ शकत असताना एका नामांकित संगीतकाराने एवढ्या अल्प साधनांवर संतोष का मानला, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. या अल्पतेचे मूळ काटकसरीत किंवा केवळ अभिरुचीतही नसून, कथेकडे कोण पाहत आहे या प्रश्नाच्या उत्तरात आहे, असे येथे दाखवावयाचे आहे. त्याच उत्तराने या संगीताला एक मर्यादाही घातली आहे. तिचाही विचार शेवटी करू.

२

या रचनेचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी तिच्या आधीची सुमारे तीस वर्षांची परंपरा थोडक्यात पाहणे अवश्य आहे. बोलपट आल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, पडद्यावर वादक दिसत नसताना संगीत कोठून येते असा प्रश्न प्रेक्षकाला पडेल, या शंकेने निर्माते पार्श्वसंगीत वापरण्यास कचरत असत. मॅक्स स्टायनर यांच्या 'किंग काँग' (१९३३) या चित्रपटातील संगीताने ही शंका बव्हंशी दूर केली. स्टायनर हे व्हिएन्नाचे. त्याच नगराच्या संगीतपरंपरेत वाढलेले एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड यांनी 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' (१९३८) सारख्या चित्रपटांना संगीत दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जर्मन संगीतनाटकाचे संस्कार या मंडळींनी बरोबर आणले होते. प्रत्येक प्रमुख पात्रास वा भावनेस एक सूचक धून द्यावयाची, प्रसंग बदलला की तिचे रूप बदलावयाचे, आणि तंतुवाद्यांच्या भरघोस समुदायाने सारे चित्र वेढून टाकावयाचे, अशी ही पद्धती होती. सुमारे चार तास चालणाऱ्या 'गॉन विथ द विंड' (१९३९) या चित्रपटाचा निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग स्टायनर यांच्या संगीताने व्यापलेला आहे.

या पद्धतीतून उत्तम संगीत निर्माण झाले, यात शंका नाही. परंतु तिच्यात एक दोषही होता. नायिका रडू लागण्यापूर्वीच व्हायोलिने रडू लागत. प्रेक्षकाने काय अनुभवावे हे त्याला अगोदरच सांगितले जाई, आणि स्वतः अनुभव घेण्याची जागाच उरत नसे. हान्स आयस्लर यांच्या नावाने १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि थिओडोर अडोर्नो यांच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या चित्रपटसंगीतविषयक ग्रंथात या सवयींवर कठोर टीका आढळते. परंतु ग्रंथापेक्षा प्रत्यक्ष रचनांनीच परिवर्तन अधिक घडवून आणले. ॲरन कोपलंड यांनी 'ऑफ माइस अँड मेन' (१९३९) आणि 'अवर टाऊन' (१९४०) या चित्रपटांत स्वरास्वरांमध्ये मोकळी जागा ठेवणारा, विरळ विणीचा आणि अमेरिकेच्या ग्रामीण जीवनाशी सुसंवादी असा नवा घाट सिद्ध केला. 'द थर्ड मॅन' (१९४९) या ब्रिटिश चित्रपटाचे सारे संगीत आंतोन कारास यांच्या एकट्या झिदर या तंतुवाद्यावर उभे आहे. ॲलेक्स नॉर्थ यांनी 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' (१९५१) मध्ये जॅझचे रंग आणले, तर बर्नार्ड हरमन यांनी 'सायको' (१९६०) साठी केवळ तंतुवाद्यांचाच समुदाय योजला.

या कलाविषयक कारणांना व्यवहाराचीही जोड होती. अमेरिकेतील मोठ्या स्टुडिओंजवळ नियमित वेतनावर नेमलेले वाद्यवृंद असत. १९५८ साली वादकांच्या संघटनेने केलेल्या संपानंतर ही व्यवस्था संपुष्टात आली आणि प्रत्येक चित्रपटासाठी वादक स्वतंत्रपणे बोलावण्याचा प्रघात पडला. वादकांचा कायमचा ताफा दाराशी उभा असला, की तो वापरण्याचा मोह होतो. तो नसला, की या चित्रपटाला नेमकी किती वाद्ये हवीत, हा प्रश्न आरंभीच विचारावा लागतो. असा प्रश्न विचारला जाणे ही कलेच्या दृष्टीने इष्टच गोष्ट होती. तथापि केवळ या कारणाने 'मॉकिंगबर्ड'च्या संगीताचा उलगडा होत नाही. त्याच वर्षीच्या इतर कित्येक चित्रपटांत वाद्यवृंदाचा डौल पूर्वीइतकाच कायम होता.

३

एल्मर बर्नस्टाइन यांचा जन्म १९२२ साली न्यूयॉर्क येथे झाला. लहानपणी त्यांचे शिक्षण पियानोवादक होण्याच्या दृष्टीने चालले होते. त्यांच्या शिक्षिका हेन्रिएट मायकेल्सन या त्यांना बालवयातच ॲरन कोपलंड यांच्याकडे घेऊन गेल्या. मुलाची रचनाशक्ती पाहून कोपलंड यांनी त्यास उत्तेजन दिले आणि त्याच्या पुढील शिक्षणाची दिशा आखून दिली. नंतर रॉजर सेशन्स व श्टेफान व्होल्पे यांच्याकडेही बर्नस्टाइन शिकले. या वंशावळीचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. 'मॉकिंगबर्ड'च्या संगीतातील विरळ विणीचे मूळ शोधावयाचे झाल्यास प्रथम कोपलंड यांच्याकडेच पाहावे लागते.

परंतु ही वीण हीच बर्नस्टाइन यांची एकमेव शैली होती, असे मात्र नाही. १९५० नंतरच्या राजकीय संशयाच्या काळात डाव्या विचारांच्या मंडळींशी आलेल्या संबंधांमुळे त्यांना काही वर्षे चांगली कामे मिळेनाशी झाली आणि 'रोबोट मॉन्स्टर' (१९५३) सारख्या अगदी किरकोळ चित्रपटांवर निर्वाह करावा लागला. त्यानंतर 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' (१९५५) मधील जॅझने त्यांचे नाव झाले. सेसिल डी मिल यांच्या 'द टेन कमांडमेंट्स' (१९५६) या प्रचंड धार्मिक चित्रपटासाठी त्यांनी प्रचंडच संगीत रचले, आणि 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) मधील त्यांची दौडती धून जगभर पोहोचली. याचा अर्थ असा की, मोठा वाद्यवृंद हाताळण्याचे सामर्थ्य त्यांच्या अंगी पूर्णपणे होते. ज्याला ओरडता येते, त्याने हळू बोलावयाचे ठरविले तर त्या हळू बोलण्याला अर्थ प्राप्त होतो. 'मॉकिंगबर्ड'च्या संगीताचे मूल्यमापन करताना ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही.

४

हार्पर ली यांची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली व १९६१ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. दिग्दर्शक रॉबर्ट मलिगन आणि निर्माते ॲलन पाकुला यांनी ती पडद्यावर आणली. पटकथा हॉर्टन फूट यांची होती. या जोडीच्या 'फिअर स्ट्राइक्स आउट' (१९५७) या आधीच्या चित्रपटालाही बर्नस्टाइन यांनीच संगीत दिले होते.

कथा १९३० नंतरच्या मंदीच्या काळात, अलाबामा राज्यातील मेकोम या कल्पित गावी घडते. ॲटिकस फिंच हे विधुर वकील आपल्या जेम आणि स्काउट या दोन मुलांसह राहतात. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय तरुणावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप येतो आणि त्याच्या बचावाचे काम ॲटिकसकडे सोपविले जाते. इकडे मुलांचे सारे विश्व शेजारच्या एका बंद घराभोवती फिरत असते. त्या घरात कधीही बाहेर न पडणारा बू रॅडली राहतो. तो भयंकर आहे अशी मुलांची समजूत असते, परंतु घराबाहेरील झाडाच्या ढोलीत कोणीतरी त्यांच्यासाठी लहानलहान भेटी ठेवू लागते. टॉम निर्दोष आहे हे स्पष्ट होऊनही पंच त्याला दोषी ठरवितात, आणि नंतर पळून जाण्याचा प्रयत्न करताना तो मारला जातो. अखेरीस सूडाने पेटलेल्या बॉब ईवेलच्या हल्ल्यातून बू मुलांचे प्राण वाचवितो.

या कथेला संगीत देणाऱ्यापुढे पहिली अडचण निवडीची आहे. वांशिक अन्याय, न्यायालय, झुंडीचा उद्रेक, दक्षिणेकडील राज्यांचे दारिद्र्य यांपैकी प्रत्येक विषय स्वतःच्या परीने मोठा आहे आणि प्रत्येकाला अनुरूप असे गंभीर संगीत सहज लिहिता आले असते. बर्नस्टाइन यांनी पुढे अनेक मुलाखतींतून सांगितल्याप्रमाणे कित्येक आठवडे त्यांना वाटच सापडत नव्हती. शेवटी त्यांच्या ध्यानात आले की, हा चित्रपट या मोठ्या विषयांचा असला, तरी त्या विषयांकडे पाहणारे डोळे मुलांचे आहेत. प्रौढांचे जग मुलांना जसे दिसते तसे येथे दिसते. एवढे उमगल्यावर वाद्ये, स्वर आणि लय या तिन्हींचा निर्णय आपोआप झाला. मूल पियानोसमोर बसले की काय करते? दोन्ही हातांनी भरगच्च स्वरमेळ वाजविण्याचे त्याला साधत नाही. ते वरच्या सप्तकातील एकेक पट्टी एका बोटाने दाबून पाहते, थांबते, ऐकते आणि मग पुढची पट्टी दाबते. या संगीताचे बीज एवढेच आहे. त्याच्या भोवती हार्प, सेलेस्टा, बासरी यांसारखी, खेळण्यांची आणि घंटिकांची आठवण करून देणारी वाद्ये आली. मंद ॲकॉर्डियनने गावाकडचा वारा आणला.

५

श्रेयनामावलीचा आरंभीचा भाग म्हणजे या निर्णयाचे प्रात्यक्षिकच होय. हे दृश्य स्टीफन फ्रँकफर्ट यांनी सिद्ध केले. एका मुलीचे हात सिगारची जुनी पेटी उघडतात. आत खडू, गोट्या, जुने घड्याळ, कोरलेल्या बाहुल्या अशा वस्तू आहेत. कॅमेरा त्यांच्या इतका जवळ जातो की गोटी एखाद्या ग्रहाएवढी भासावी. मुलगी गुणगुणत कागदावर खडू घासते आणि अक्षरे उमटत जातात. ती एका पक्ष्याचे चित्र काढते आणि शेवटी ते फाडून टाकते. चित्रपट पुढे सरकल्यावर या वस्तू झाडाच्या ढोलीत सापडलेल्या भेटी आहेत, हे आपणांस कळते. आरंभी मात्र त्या नुसत्या वस्तू असतात.

येथील धून प्रथम पियानोवर येते, नंतर हार्पच्या सोबतीने बासरीवर, आणि त्यानंतरच तंतुवाद्ये ती उचलतात. हा क्रम फार अर्थपूर्ण आहे. केवळ एकेकट्या स्वरांनी सिद्ध झालेल्या धुनेत स्वरमेळाचा आधार नसल्यामुळे ती सुखाची की दुःखाची, हे कानाला चटकन ठरविता येत नाही. पाश्चात्त्य संगीतात हा निर्णय बव्हंशी स्वरमेळ करतो. तो मागे ठेवला की निर्णयही मागे राहतो, आणि ऐकणारा स्वतःच्या मनातील काहीतरी त्या रिकाम्या जागेत भरू लागतो. आरंभीच्या या क्षणांत ज्याला आपले बालपण आठवते, त्याला ते बर्नस्टाइन यांनी आठवून दिलेले नसते. त्यांनी फक्त त्यासाठी जागा ठेवलेली असते.

पियानोच्या स्वरूपाचाही येथे विचार केला पाहिजे. आपल्या संगीतात भावना मोठ्या प्रमाणावर मींड आणि गमक यांतून व्यक्त होते. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाताना मधली जी वाट तुडविली जाते, तीत रसिकाचे मन गुंतते. पियानोत ही वाटच नाही. तार हातोडीने छेडली गेली की स्वर जन्मास येतो आणि त्या क्षणापासून क्षीण होऊ लागतो. वादकाला तो फुगविता येत नाही, वळविताही येत नाही. प्रत्येक स्वर अशा रीतीने आपल्याबरोबर स्वतःचा अस्तही घेऊन येतो. संथ लयीत, एकेका स्वराने वाजविलेली धून म्हणजे लहानलहान अस्तांची मालिकाच असते. संपून गेलेल्या बालपणाची आठवण सांगणाऱ्या कथेला याहून योग्य वाद्य सापडणे कठीण होते. या चित्रपटाची निवेदिका प्रौढ झालेली स्काउट आहे. तिला ऐकू येणारे स्वर वाजत असतानाच विरत जाणारे असावेत, हे स्वाभाविक आहे.

तंतुवाद्ये शेवटी येतात तेव्हा त्यांचा परिणाम एवढा गाढ का होतो, याचेही उत्तर यातच आहे. स्टायनर यांच्या पद्धतीत तंतुवाद्ये आरंभापासून असतात, म्हणून त्यांचे येणे ही घटना ठरत नाही. येथे पियानो आणि बासरी यांच्या पातळ स्वरांना कान सरावल्यानंतर व्हायोलिनांचा सलग, टिकून राहणारा स्वर ऐकू येतो, आणि जणू एका माणसाची आठवण साऱ्या गावाची होते. त्या मोठेपणाला आधीच्या लहानपणाने किंमत आणून दिलेली असते.

या संयमाचे एक सुंदर उदाहरण चित्रपटाच्या पूर्वार्धात येते. रात्री अंथरुणात पडलेली स्काउट मृत आईविषयी भावाला विचारते. ती सुंदर होती का? तुला ती आठवते का? ॲटिकस बाहेर ओसरीवरील झोपाळ्यावर बसून हे ऐकत आहेत. कॅमेरा मुलांकडे न राहता वडिलांकडे जातो. ते एक शब्दही बोलत नाहीत. येथे दुःखाचा उमाळा वाद्यवृंदाकडून वाजवून घेणे अगदी सोपे होते. बर्नस्टाइन यांचे संगीत मात्र मुलांच्या आवाजाइतकेच हळू राहते. मुलीला दुःख झालेले नाही, तिला केवळ कुतूहल आहे. दुःख झोपाळ्यावर बसलेल्या माणसाला आहे. संगीत मुलीच्या बाजूला राहते, म्हणूनच त्या माणसाचे दुःख आपणांस अधिक जाणवते.

६

या रचनेतील सर्वांत धीट निर्णय न्यायालयाच्या प्रसंगी दिसतो. खटल्याचा भाग सुमारे अर्धा तास चालतो आणि कथेचा तो गाभाच आहे. साक्षी, उलटतपासणी, टॉम रॉबिन्सनची स्वतःची जबानी आणि ॲटिकसचे समारोपाचे दीर्घ भाषण हे सारे संगीताविना घडते. पंख्यांची हालचाल, खुर्च्यांचा आवाज, माणसांचे खाकरणे आणि बोलणे एवढेच कानांवर येते.

यावर एक आक्षेप घेता येईल. संगीत जर मुलांच्या दृष्टीचे असेल आणि मुले न्यायालयाच्या सज्जात बसून सारा खटला पाहत असतील, तर संगीत तेथेही असावयास हवे होते. वस्तुतः या आक्षेपातच त्याचे उत्तर आहे. चित्रपटात इतरत्र संगीत येते ते मुले कल्पना करतात, खेळतात, भितात किंवा आठवतात तेव्हा. न्यायालयात मात्र ती यांपैकी काहीच करीत नाहीत. ती ऐकत आहेत. मोठी माणसे शपथेवर काय बोलतात हे त्यांना प्रथमच ऐकावयास मिळत आहे, आणि त्या बोलण्याला कल्पनेचा कोणताही रंग चढविणे त्यांना शक्य नाही. दुसरे कारण नैतिक आहे. न्यायालयात पुराव्यावर निर्णय व्हावा, अशी ॲटिकसची पंचांकडे मागणी आहे. अशा वेळी प्रेक्षकाला व्हायोलिनांच्या साहाय्याने आपल्या बाजूस वळवून घेणे, म्हणजे ज्या तत्त्वाचा पुरस्कार चालला आहे त्याचाच भंग करणे ठरले असते. टॉम निर्दोष आहे हे प्रेक्षकाला संगीताने सांगितलेले नाही. त्याने ते स्वतः ऐकून ठरविले आहे. म्हणूनच पंचांचा निकाल हा प्रेक्षकाच्या स्वतःच्या बुद्धीचा अवमान होऊन बसतो, आणि त्याचा संताप उसना राहत नाही.

पार्श्वसंगीत टाळून वास्तवाला बोलू देण्याची ही कल्पना मराठी वाचकाला सर्वस्वी अपरिचित नाही. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या, प्रभात फिल्म कंपनीच्या 'कुंकू' (१९३७) या चित्रपटात पार्श्वसंगीताचा आधार न घेता नैसर्गिक ध्वनींवर भिस्त ठेवण्याचा प्रयोग झाला होता. त्याचे संगीत केशवराव भोळे यांचे होते. या दोन चित्रपटांत प्रत्यक्ष संबंध असल्याचे सुचवावयाचे नाही. जरठविवाहाच्या अन्यायाविरुद्ध उभी राहणारी नीरा आणि अलाबामातील आरोपी टॉम या दोघांच्या बाबतीत, प्रेक्षकाच्या न्यायबुद्धीला आवाहन करताना दोन भिन्न देशांतील कलावंतांना संगीत दूर ठेवावेसे वाटले, एवढे साम्य मात्र नोंदण्याजोगे आहे.

७

खटल्यानंतर संगीत पुन्हा मुलांकडे परतते. अखेरच्या रात्री अंधाऱ्या वाटेवर मुलांवर हल्ला होतो, तेव्हा ते काही काळ कर्कश आणि तुटक बनते. मुलांची भीती आतापर्यंत कल्पनेतली होती, ती आता खरी ठरली आहे. त्यानंतर घरात, दाराआड भिंतीला टेकून उभा असलेला फिकट चेहऱ्याचा बू रॅडली स्काउटच्या दृष्टीस पडतो. ज्याच्याविषयी साऱ्या चित्रपटात भयाची चाहूल दिली गेली, त्याला पाहताच संगीत मृदू होते. बूच्या तोंडी एकही शब्द नाही. त्याची ओळख स्काउटच्या चेहऱ्यावरील हास्याने आणि त्या मृदू स्वरांनीच होते. भेटी ठेवणारा हात आणि भयंकर समजला गेलेला शेजारी हे एकच आहेत, ही गोष्ट कोणी बोलून दाखविण्याची आवश्यकताच उरत नाही.

८

आता मर्यादेकडे वळू. ज्या बालदृष्टीने या संगीताला एकात्मता दिली, तिनेच त्याची कक्षाही आखली. स्काउट ही गोऱ्या वकिलाची मुलगी आहे. तिच्या पेटीतील वस्तूंना, तिच्या भीतीला, तिच्या आईच्या आठवणीला आणि बू रॅडलीला या संगीतात स्थान आहे. परंतु जो माणूस खोट्या आरोपाखाली प्राणास मुकतो, त्या टॉम रॉबिन्सनला ऐकणाऱ्याच्या स्मरणात राहील अशी स्वतःची धून नाही. त्याचे घर आणि त्याचे बालपण स्काउटला ठाऊक नाही, म्हणून संगीतालाही ठाऊक नाही. न्यायालयातील मौन हे टॉमच्या शब्दाला दिलेला मान आहे असे आपण वर म्हटले. त्याच मौनाचा दुसरा अर्थ असाही होतो की, त्याच्यासाठी या रचनेजवळ स्वरच नव्हते.

हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही. अलाबामातच १९३१ साली स्कॉट्सबरो प्रकरणात नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर असाच आरोप ठेवण्यात आला होता. चित्रपट अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित होत होता त्या १९६३ सालीच, त्याच राज्यातील बर्मिंगहॅम येथे कृष्णवर्णीय मुलेमुली मोर्चे काढून वंशभेदाचा प्रतिकार करीत होती आणि त्यांच्यावर पाण्याचे फवारे व पोलिसांची कुत्री सोडली जात होती. या मुलांचेही बालपण होते आणि त्या बालपणाचेही एक संगीत असणार. ते या चित्रपटात ऐकू येत नाही, ही गोष्ट आजच्या अभ्यासकाने नोंदलीच पाहिजे. तथापि यासाठी बर्नस्टाइन यांच्यावर अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवता येणार नाही. दृष्टिकोन एकदा पत्करल्यावर त्यांनी तो शेवटपर्यंत पाळला. टॉमच्या दुःखासाठी एखादी उसनी आर्त धून त्यांनी जोडली असती, तर ती दयेची धून झाली असती, आणि दया ही अनेकदा न्यायाची जागा अडवून बसते. संगीत गप्प राहिल्यामुळे निदान ती उणीव उघडी राहिली.

९

१९६२ या एकाच वर्षी पडद्यावर आलेल्या दोन रचनांची तुलना या विवेचनाच्या शेवटी उद्बोधक ठरेल. मोरिस जार यांनी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'साठी रचलेले संगीत वाळवंटाच्या विस्ताराशी स्पर्धा करते. बर्नस्टाइन यांचे संगीत सिगारच्या पेटीत मावते. १९६३ च्या ऑस्कर समारंभात दोन्ही रचना एकाच पारितोषिकासाठी नामांकित होत्या, आणि ते जार यांना मिळाले. 'मॉकिंगबर्ड'ला प्रमुख अभिनेते ग्रेगरी पेक, पटकथाकार फूट आणि कलादिग्दर्शन यांच्यासाठी तीन ऑस्कर मिळाली. संगीताचा गोल्डन ग्लोब मात्र बर्नस्टाइन यांना लाभला.

ही रचना तेवढ्यावर विस्मृतीत गेली नाही. चित्रपटसंगीत हे चित्रपटाबरोबर नष्ट होऊ नये, या तळमळीने बर्नस्टाइन यांनी १९७० नंतरच्या दशकात स्वतःच एक ध्वनिमुद्रणमाला चालविली, आणि तीत १९७६ साली लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून 'मॉकिंगबर्ड'चे संगीत पुन्हा मुद्रित केले. सुमारे वीस वर्षांनी रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राबरोबर त्यांच्याच संचालनाखाली ते आणखी एकदा मुद्रित झाले. २००४ साली बर्नस्टाइन निवर्तले. पुढच्याच वर्षी अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने निवडलेल्या पंचवीस श्रेष्ठ अमेरिकन पार्श्वसंगीतांत या रचनेला सतरावे स्थान मिळाले.

अशा क्रमांकांना फार महत्त्व देण्याचे कारण नाही. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या रचनेने सिद्ध केलेले तत्त्व. पार्श्वसंगीतातील भावनेची तीव्रता वाद्यांच्या संख्येवर वा स्वरांच्या उंचीवर अवलंबून नसते. संगीत कोणाच्या वतीने बोलत आहे, त्या व्यक्तीला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, याचा निर्णय आधी झाला, म्हणजे किती वाजवावे आणि कोठे थांबावे हे कळते. पार्श्वसंगीताचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने या चित्रपटाचा आरंभीचा भाग एकदा डोळे मिटून आणि एकदा ध्वनी बंद करून पाहावा. मग दोन्ही एकत्र पाहावे. पियानोचा एक स्वर विरून दुसरा येईपर्यंतच्या त्या लहानशा अवकाशात आपण स्वतः काय भरले, हे त्या वेळी त्याच्या ध्यानात येईल. प्रस्तुत लेखाला जे सांगावयाचे होते, ते बव्हंशी त्या अवकाशातच आहे.